अक्काची उरलेली किडनी

माझ्या पोटात उजव्या अंगाला माझ्या मोठ्या बहिणीची किडनी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे आणि का भडकलो ते वेगळं सांगत बसावं लागणार नाही. माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा बायकोचा रक्तगट जुळला नाही. भाऊ मला नाहीच, आणि आई तोवर गेलेली. अक्का धरणगावजवळच्या आपल्या सासरहून एसटीनं धुळ्याला आली, माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानाच्या ओट्यावर बसली, पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "मनी काढी ले." माझी काढून घे म्हणे. तिला वाटत होतं, त्याच दिवशी काढतात. म्हणून पिशवीत एक लुगडंही घालून आणलं होतं.

तेव्हापासून मी जगतोय ते तिच्या जिवावर. हे मी कुणाला सांगायला गेलो की ती चिडायची. "गप रे, वांगं दिनं समज मी तुले," म्हणायची. तिला कौतुक सोसत नाही आणि मला ते केल्यावाचून राहवत नाही, असा आमचा वर्षानुवर्षांचा तंटा.

माझी तपासणी ठरल्याप्रमाणे होत असते. अक्कानं मात्र आपली कधी वेळेवर केली नाही. कपाशी वेचायची आहे, सुनेचं बाळंतपण आहे, म्हैस व्यायला झालीय, कारणांना तोटा नव्हता. एकदा मी तिला अक्षरशः दमदाटी करून माझ्यासोबत धुळ्याला सोनोग्राफीला नेलं. माझी झाली, ठीक निघाली. मग ती टेबलावर झोपली. डॉक्टर आधी तिच्याशी पाऊसपाण्याचं बोलत होते, ते मध्येच थांबले.

गाठ होती. उरलेल्या एकुलत्या एक किडनीत. पुढच्या तपासण्या झाल्या आणि नक्की झालं की कॅन्सरचीच आहे. धुळ्याचे डॉक्टर भले माणूस. त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. दोन किडन्या असत्या तर गाठीसकट एक काढून टाकली असती आणि विषय संपला असता. इथे तसं करता येत नाही. अख्खी किडनी काढली तर अक्काला जन्मभर डायलिसिस. किडनी ठेवून नुसती गाठ कोरून काढायची, तर काम फार नाजूक. त्यासाठी जळगावात एका मोठ्या खाजगी दवाखान्यात रोबोट आलाय, पुण्याचे एक सर्जन ठरावीक दिवशी तिथे येऊन ऑपरेशनं करतात, त्यांना दाखवा म्हणाले.

रोबोट म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. अहो, माझी हयात जळालेल्या मोटारी उघडण्यात गेली. कंपनीनं गळ्याची शपथ घेऊन विकलेली मोटार पहिल्या उन्हाळ्यात धूर काढते, हे मी रोज पाहतो. आणि माझ्या बहिणीच्या पोटात यंत्र घालणार?

अक्काला मी जळगावला नेलं. सोबत दाजी, म्हणजे तिचे यजमान. दाजी अतिशय गरीब स्वभावाचा माणूस, उभ्या आयुष्यात कुणाला अरे म्हणाले नसतील. पुण्याचे सर्जन तरुण होते, शांत होते आणि मला आवडून गेले, कारण त्यांनी माझ्या तिरसट प्रश्नांचा राग मानला नाही. त्यांनी आम्हाला फोनवर यंत्राचा व्हिडिओ दाखवला. पेशंट टेबलावर, त्याच्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेले चार लांब हात, आणि खोलीच्या एका कोपऱ्यात डॉक्टर एका खोक्यात डोकं घालून बसलेले. बोटांत कड्या. डॉक्टरांनी बोट वळवलं की तिकडे पोटाच्या आत पेन्सिलीएवढी दांडी वळते.

अक्का बारकाईनं पाहत होती. "मंग डॉक्टर पेशंटजोडे नही ऱ्हास?" तिनं विचारलं.

"त्याच खोलीत असतो मावशी. यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. मी हात हलवला तरच ते हलतं."

"आनि तुमना हात थरथरना ते?"

सर्जन हसले. म्हणाले, "माझा थरथरला तरी यंत्र ती थरथर पुढे जाऊ देत नाही." अक्काला हे पटलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली की तुझ्यापेक्षा शहाणं दिसतं, तुझा राग तर लगेच हातात उतरतो. दाजी गालातल्या गालात हसले.

मग सर्जननी खरं काय ते सांगितलं. गाठ कोरताना किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ बंद करावा लागतो, नाहीतर रक्तात काही दिसत नाही. तो वेळ जितका कमी तितकी किडनी पुन्हा कामाला लागण्याची खात्री जास्त. यंत्रामुळे आत टाके भराभर आणि बारीक घालता येतात, म्हणून ते. "गाठ सध्या बाहेरच्या कडेला आहे," ते म्हणाले, "किडनी वाचेल असं मला वाटतं." वाचेल हा शब्द मी घट्ट धरून ठेवला.

तारीख मिळाली ती श्रावणातल्या मंगळवारची. आणि आदल्या रविवारी कानबाई.

खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला देवीसारखं सजवून पाटावर मांडतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर बोळवतात. तिच्या नैवेद्याचे गव्हाचे जाड रोट असतात. घरातल्या पुरुषामाणसांच्या नावानं गहू मोजून घ्यायचे, घरातच दळायचे. त्या रोटांचा नियम कडक. ते भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही, टाकायचे तर नाहीच नाही. ज्याचा वाटा त्यानं संपवायचा. दाजींच्या घरी सगळी भाऊबंदकी गोळा होते आणि थोरली सून म्हणून रोटाचं पीठ मळायचा मान अक्काचा.

"कानबाई झाल्यावर मंगळवार शे ना, मंग काय?" अक्का म्हणाली. मी म्हणालो, तू आठ दिवस आधी धुळ्याला ये, आराम कर, यंदा दुसरी कुणी मळेल. ती ऐकते होय! रविवारी दिवसभर उपास धरून तिनं पीठ मळलं, रोट केले, सगळ्यांना वाढलं. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर गेली आणि अक्का तिथूनच दाजींबरोबर जळगावच्या गाडीत बसली. मी दवाखान्यात वाट पाहत होतो. ती आली तेव्हा कपाळावर हळदकुंकू तसंच होतं. चेहरा दमलेला पण खूष होता.

संध्याकाळी नर्स येऊन सांगून गेली की रात्रीच्या जेवणानंतर तोंडात काही घालायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. अक्कानं मान हलवली. दाजींनी मान हलवली. मीही तिसऱ्यांदा तेच सांगितलं. दोघं म्हणाले, समजलं, लहान आहोत का आम्ही.

मंगळवारी सकाळी मी खाली चहा घ्यायला गेलो. वर आलो तेव्हा अक्काला हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर घेतलं होतं, वॉर्डबॉय तिला लिफ्टकडे नेत होता. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती हसली. लिफ्टचं दार बंद झालं. दाजी खोलीत उभे होते, हातात एक रिकामं पांढरं फडकं, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जणू पोरीची पाठवणी बिनतक्रार पार पडली.

"रोट संपी गया," ते म्हणाले. "आते कोन्ती चिंता नही."

मला आधी कळलंच नाही. "कुठला रोट?"

तर झालं होतं ते असं. रविवारी अक्काचा उपास, सोमवारी निघायची घाई, त्यामुळे तिच्या वाटचा रोट तसाच राहिला होता. तो मागे ठेवून ऑपरेशनला कसं जायचं? देवीचा वाटा न संपवता? दाजींनी तो फडक्यात बांधून आणला होता. सकाळी अंघोळ झाल्यावर दोघांनी हात जोडले आणि अक्कानं तो संपवला. पूर्ण. कणही खाली पडू दिला नाही, असं दाजी मला अभिमानानं सांगत होते.

मी म्हणालो, "दाजी, तिला काही खायचं नाही सांगितलं होतं!"

"खादं कोठे?" दाजी खरंच चकित झाले. "प्रसाद शे तो."

मी स्वतः ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन आलेला माणूस. भरल्या पोटी भूल दिली तर अन्न उलटून फुफ्फुसात जातं आणि माणूस तिथल्या तिथे दगावू शकतो, हे मला माहीत होतं. हेही माहीत होतं की आज ऑपरेशन हुकलं तर पुण्याचे सर्जन पुन्हा कधी येतील त्याचा भरवसा नाही. खरं सांगतो, लिफ्टचं बटण दाबताना माझ्या मनात येऊन गेलं की एक रोट तर आहे, कोण विचारतंय, जिरलाही असेल. लिफ्ट येईना तसा मी जिन्यानं धावलो. ऑपरेशन थिएटरच्या दारावर मुठी आपटल्या. आतून कुणीतरी ओरडलं. मी त्याहून मोठ्यानं ओरडलो.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. मी सांगितलं. त्या आत गेल्या, दार अर्धं उघडं राहिलं, म्हणून मला ऐकू आलं.

"मावशी, मी विचारलं तेव्हा तुम्ही काही खाल्लं नाही म्हणालात ना?"

"नहीच खादं माय," अक्का म्हणाली. "कानबाईना रोट व्हता तो."

मला वाटलं, आता बाई झाडतील. त्या बाहेर येऊन भिंतीशी टेकल्या आणि मास्क खाली ओढून म्हणाल्या, "मी शिंदखेड्याची आहे. कानबाई बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम विचारायला हवं होतं." तरी भूल द्यायला त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं.

संध्याकाळी घ्या म्हणून मी सर्जनच्या हातापाया पडलो. त्यांच्या यादीत आणखी पेशंट होते, तेही कुठून कुठून येऊन उपाशी बसलेले, आणि ते संपल्यावर त्यांना लगेच निघायचं होतं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. इथलेच डॉक्टर या आठवड्यात पोट उघडून ऑपरेशन करू शकतील, पण त्यात किडनी वाचेलच असं नाही, बहुधा अख्खी काढावी लागेल. नाहीतर त्यांच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं. "तेवढ्यानं सहसा फरक पडत नाही," ते म्हणाले. "ही गाठ हळू वाढणारी असते." सहसा हा शब्द मला अजिबात आवडला नाही.

अक्का म्हणाली, थांबू.

मग मी व्हरांड्यात दाजींना गाठलं. लोक जात-येत होते, मला कुणाची पर्वा नव्हती. काय काय बोललो ते लिहायची सोय नाही. अडाणी म्हणालो. तुमच्या रोटानं माझ्या बहिणीचा घात केला म्हणालो. दाजी खाली मान घालून उभे, हातातलं ते फडकं घडी घालतायत, उलगडतायत. तेवढ्यात अक्का आपल्या पायांनी चालत, गाऊन सावरत तिथे आली. "त्याले कसाले बोलस? तोंड मनं, खादं मी," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डाग राहिला. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. पण माझा राग गेला नाही. दाजींना घेऊन ती गावी गेली आणि मी त्यांना निरोपाचं या सुद्धा म्हणालो नाही.

ते मधले दिवस मी कसे काढले ते मला माहीत. दुकानात हात काम करायचे आणि डोकं अक्काच्या पोटात. सकाळ-संध्याकाळ फोन. ती म्हणायची, मला काही होत नाही, जेवते, झोपते, तू फोन करून माझा जीव खाऊ नको. एका दुपारी दाजी अचानक दुकानात आले. धरणगावहून एवढा प्रवास करून, एकटे. ओट्यावर बसले. मी चहा मागवला, तो त्यांच्यापुढे गार झाला. माझ्या कारागिरानं एक मोटार जोडून चालू करून पाहिली, बंद केली. शेवटी दाजी म्हणाले, "मी दिना नसता ते ती खाती नही." एवढंच. त्यांना साखरेचा आजार आहे, त्यांची किडनी चालणार नाही, हे त्यांनी कुठल्याशा डॉक्टरला जाऊन विचारून घेतलं होतं, तेही त्यांनी मला सांगितलं. म्हणजे हा माणूस मनातल्या मनात आपली द्यायला निघाला होता. मला त्यांना काही चांगलं बोलायला हवं होतं. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो.

सर्जनची फेरी गणपतीनंतर ठरली, ती नेमकी पितृपक्षात. झालं, भाऊबंदकीतून फोन सुरू. पंधरवड्यात कुठं असलं काम करतात, सर्वपित्री होऊ द्या. मी एकेकाला असं काही फैलावर घेतलं की परत कुणाचा फोन आला नाही. अक्का माझ्या बाजूनं होती. ती म्हणाली, माझे पितर मला मारायला टपले नसतील. यावेळी तर तिनं अशी धास्ती घेतली होती की आदल्या संध्याकाळपासून तोंडाला पदर लावून बसली. नर्सनं रक्तदाबाची गोळी चमचाभर पाण्याबरोबर घ्यायला दिली, तर तिनं आधी मला विचारलं, मग दाजींना, मग पुन्हा नर्सला.

नव्यानं केलेला स्कॅन सर्जननी आमच्यासमोर पाहिला. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. गाठ थोडी वाढली होती आणि वाढली ती आतल्या बाजूला, जिथे मोठ्या रक्तवाहिन्या किडनीत शिरतात तिकडे. "आधीच तिकडे असेल, तेव्हा दिसली नसेल," ते म्हणाले. "ती वाट पाहिल्यानं सरकली असं मी म्हणणार नाही." मी विचारलं, सरकली नाही असं तरी म्हणाल का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेही म्हणणार नाही." दाजी माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता आणि त्या डॉक्टरनं मला तेवढंही मिळू दिलं नाही.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. दाजी बाकावर बसून देवाचं नाव घेत होते, मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होतो. त्या दाराआड ते चार हात माझ्या बहिणीच्या पोटात काम करत असतील आणि डॉक्टर कोपऱ्यात बसून कड्यांतून बोटं हलवत असतील, हे सारखं डोळ्यांपुढे येत होतं. एकदा शिंदखेड्याच्या बाई बाहेर येऊन गेल्या. त्यांनी नुसती मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा अर्थ मी आणि दाजींनी पुष्कळ लावून पाहिला.

दुपारी सर्जन बाहेर आले. टोपी काढलेली, कपाळावर त्या खोक्याचा वळ उठलेला. त्यांनी आम्हाला आत एका छोट्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर चित्रण दाखवलं. माझ्या आयुष्यात मी इतकी बारीक कारागिरी पाहिलेली नाही. दोन इवलेसे चिमटे वाकड्या सुईनं टाका घालत होते, गाठ मारत होते, ओढत होते. कुठे धसमुसळेपणा नाही, कुठे घाई दिसत नाही. मी यंत्रावर आणलेले सगळे आळ त्या खोलीत मुकाट्यानं मागे घेतले. गाठ पूर्ण निघाली होती, कडेच्या चांगल्या मांसाच्या पातळ थरासकट.

"कॅन्सरचं काम झालं," सर्जन म्हणाले. मग त्यांनी चित्रण थोडं पुढे नेलं. रक्त बंद केलेलं असताना किडनी काळपट पडली होती. रक्तवाहिनीवरचा चिमटा सोडल्यावर ती हळूहळू गुलाबी होताना दिसली. एक बाजू झाली. दुसरी तशीच मळकट राहिली. "रक्तवाहिन्या सोडवताना मला हवा होता त्याहून जास्त वेळ गेला. आता ती किती जागी होते ते पाहायचं."

"कसं कळेल?" मी विचारलं.

"लघवी होईल. बस, तेच."

अक्काला बाहेर आणलं. पोटावर चार-पाच छोट्या पट्ट्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. भेटायला येणारे तोंडात बोट घालायचे. अरे वा, एवढंसं छिद्र आणि एवढं मोठं ऑपरेशन! माझ्या वेळी माझ्या कमरेपासून बेंबीपर्यंत चीर होती, अक्काच्या तर पार पाठीपर्यंत. आता विज्ञान कुठच्या कुठे गेलंय, असं जो तो म्हणायचा, आणि त्यांचं चुकत नव्हतं. मी मान हलवायचो आणि खाटेखाली लटकणाऱ्या पिशवीकडे पाहायचो.

ती प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यावर आकडे छापलेले. तळाशी ओलसर लालसर काहीतरी, पहिल्या रेघेच्या खालीच. मी नळी वाकली का पाहायचो, नर्सला बोलवायचो, ती येऊन नळी झटकायची. दाजी जमिनीवर बसून पिशवीच्या पातळीला डोळे लावून पाहायचे. एकदा त्यांनी मला हाक मारली की वाढलंय. मी वाकून पाहिलं. वाढलं नव्हतं, त्यांनी पिशवी तिरपी धरली होती. आम्ही दोघं तिथे खाली फरशीवर शेजारी बसून राहिलो. तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना हुंदका फुटला. आमच्यात जे काही होतं ते तिथे मिटलं, पण त्याचा आता कुणाला काय उपयोग होता?

अक्काचे पाय सुजले, मग चेहरा. रक्ताचे रिपोर्ट रोज वाईट येत होते. डॉक्टर म्हणत राहिले की थांबू, काही किडन्या उशिरा उठतात. पाणी मोजून सुरू झालं, औषधाच्या इवल्याशा पेल्यातून, दिवसाला ठरलेले पेले. कपाशीच्या रानात उन्हातान्हात राबून आल्यावर अक्का तांब्याभर पाणी एका दमात प्यायची. आता ती पेला संपला तरी ओठ पेल्याला लावून ठेवायची.

आणि एके सकाळी सर्जनचा फोन दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या हातात दिला. त्यांनी गोड बोलून वेळ काढला नाही. "किडनी उठत नाही. आज डायलिसिस सुरू करू. तुम्ही धुळ्याला राहता ना? पुढचं तिकडे लावून देतो, आठवड्यातून तीनदा. मला फार वाईट वाटतंय." मी विचारलं, आयुष्यभर? ते म्हणाले, हो, तसंच धरून चला. मग मी त्यांना एक प्रश्न विचारला, जो इतके दिवस माझ्या छातीत घुसमटत होता. माझ्यातली काढून तिला परत बसवता येईल का? तिचीच आहे ती. ते म्हणाले, "नाही हो. तसं करता येत नाही. तुम्ही ती नीट सांभाळा."

फोन परत दिला आणि मी संडासात गेलो. सकाळपासून गेलो नव्हतो. दार लावलं, उभा राहिलो आणि लघवी झाली. भरभरून, स्वच्छ, थांबेचना. वर्षानुवर्षं रोज होत होती, मला कधी तिचा आवाज ऐकू आला नव्हता. तो आवाज मला सहन होईना. मी भिंतीवर डोकं टेकलं आणि ओक्साबोक्शी रडलो. नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर कळू नये. अक्का पलीकडच्या खोलीत एका थेंबासाठी सुजून पडली होती आणि तिचीच किडनी माझ्यात बसून असं उतू जात होती.

तोंड धुऊन मी तिच्या खोलीत गेलो. दाजींनी तिला सगळं सांगितलं होतं. ती रडली नव्हती. उशीला टेकून बसली होती, ओठांवर पांढऱ्या साली आलेल्या, पापण्या सुजून डोळे बारीक झालेले. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, डोळ्यांकडे, मग ओठांकडे.

"सकायपासून पानी पिधं का रे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, लक्षातच राहिलं नाही. किडनी बसवलेल्या माणसानं पाणी कमी पडू द्यायचं नाही, हे तिला पाठ. ती एकदम कावली. एवढ्या सुजल्या हातानं तिनं खाटेशेजारच्या स्टुलावरची दाजींची बाटली ओढली, माझ्यासमोर धरली.

"पी. मना समोर पी."

"अक्का, बाहेर जाऊन पितो ना."

"आठेच पी."

मी झाकण उघडलं. तिच्याकडे पाठ करायला गेलो, तर तिनं माझा सदरा धरून मला फिरवलं. मी प्यायला लागलो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि माझ्या प्रत्येक घोटाबरोबर तिचा गळा हलत होता.